कळव्याचं मीठ

तुळसाला कळव्याहून कोपरीत दिली तेव्हा तिची आई गोदूबाई शेजारणींना सांगत सुटली होती, "लांब कुठे दिलीय! चुलीवर भात ठेवून होडीत बसलं तर तो करपायच्या आत पोचेन मी लेकीकडे." ते खरंही होतं. मधे नुसती खाडी. भरतीला होडी, ओहोटीला चिखल, आणि फारच घाई असली तर रेल्वेच्या पुलावरून जीव मुठीत धरून चालत. गोदूबाईने घर बघितलं, दार बघितलं, सासू जिभेची बरी आहे का ते चार घरी विचारलं. जावई कोपरीच्या हुतुतूच्या संघाचा कप्तान आहे, हेही तिला कळलं होतं. पण त्यात वाईट वाटण्यासारखं काय? विडी ओढण्यापेक्षा बरं, एवढंच ती म्हणाली.

तेव्हा तिचा धाकटा लेक धाकू पोरगेलासा होता. तो पुढे कळव्याच्या संघात जाईल आणि दाजींच्याच उरावर बसेल, हे कुणाला ठाऊक?

तुळसा भातशेतीतल्या घरची. मिठागरात पाय ठेवला तो लग्नानंतर. सुरुवातीला पायाच्या भेगांत खारं पाणी शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. शेजारची हौसाबाई म्हणायची, "रड, रड. तेवढंच मीठ जास्त पिकेल." दोन हंगामांत पाय असे निबर झाले की काचेवरून चालली असती. आणि एक सवय लागली. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी मीठ धरायला आलं का ते बोट बुडवून जिभेला लावून बघायचं. मिठागराच्या सगळ्या बाया तसंच करत. तुळसाची सवय मात्र घरीही सुटेना. कालवण, ताक, पोराचं औषध, एकदा तर नवऱ्याच्या केसाचं तेल, सगळं आधी बोटाने जिभेवर.

नवरा, काळुराम, हा वेगळाच मासला. मिठाने भरलेली टोपली डोक्यावर घेऊन कोंडीपासून राशीपर्यंत बांधावरून जायचं हे त्याचं काम, आणि तो ते एका दमात करायचा. म्हणजे शब्दशः एका दमात. टोपली उचलली की "हुतुतुतुतुतू" सुरू, ते राशीवर टोपली रिकामी होईपर्यंत. हुतुतूत समोरच्यांच्या मैदानात शिरणाऱ्या गड्याला एकाच श्वासात हुतुतू म्हणत परत यावं लागतं. दम तुटला की बाद. काळुराम त्याची तालीम डोक्यावर मीठ घेऊन करायचा. नवा मुकादम आला तेव्हा त्याला वाटलं हा माणूस झपाटलेला आहे. त्याने लिंबू-मिरची आणून बांधावर टांगली.

मिठाचा आणि हुतुतूचा हंगाम एकच. दिवाळी सरली की सुरू, आभाळ भरून आलं की बंद. ठाण्यातल्या मास्तर-वकील मंडळींनी स्वातंत्र्याच्या सुमारास एक ढाल ठेवली होती, ठाण्या-कल्याणकडच्या संघांसाठी. चांदीचा मुलामा, मधे गरुड, खाली झालर. कोपरी दरवर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत जायची आणि दरवर्षी कळव्याकडून हरायची. ढालीला कळव्याच्या देवळाची भिंत पाठ झाली होती.

आणि मग गेल्या वर्षीचं ते जेवण.

सामना कळव्यात होता. कोपरी हरली. तरी रीत म्हणून काळुराम सासऱ्याच्या घरी जेवायला बसला. गोदूबाईने खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण केलं होतं, जावयाला आवडतं म्हणून. धाकूने काय करावं? देवळातली ढाल उचलून आणली आणि दाजींच्या पानासमोर भिंतीला टेकवून ठेवली.

"दाजी, हिचं तोंड बघत जेवा. भूक लागेल."

सगळे हसले. काळुराम हसला नाही. उचललेला घास त्याने पानात ठेवला आणि पानाच्या कडेचं मीठ चिमटीत घेतलं. बाकीची माणसं आईची शपथ घेतात, देवाची घेतात. कोपरीतली माणसं मीठ हातात धरून बोलतात, आणि ते बोललेलं परत घेता येत नाही.

"ही ढाल कोपरीसाठी जिंकेन," तो म्हणाला, "तवाच कळव्याचं मीठ तोंडात घालीन. तोवर नाय."

आणि हात धुऊन उठला. गोदूबाईच्या हातातली कालवणाची पळी हवेतच राहिली.

कोपरीत हौसाबाईने हे ऐकलं तेव्हा ती पोट धरून हसली. "अगं, कळव्यात मीठ पिकतं कुठे तुझ्या आईच्या घरी? आपल्याच राशींवरून नेतात ना? म्हणजे हा गडी स्वतःचंच मीठ खाणार नाय म्हणतो!"

पण शपथ ती शपथ. काळुराम कळव्याला जायचा, ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, पान खायचा. जेवायचा नाही. गोदूबाईच्या जिवाला घोर लागला. जावई बाहेर उपाशी आणि आपण आत जेवायचं? एकदा तिने युक्ती केली. त्याच्यापुरतं छोट्या पातेल्यात अळणी शिजवलं. भात अळणी, कालवण अळणी.

"मामी," काळुराम पानाकडे बघून म्हणाला, "मी आजारी हाय का?"

तरीही तो यायचा असला की ती छोटं पातेलं अळणी काढून ठेवायचीच. न जाणो, एखाद्या दिवशी भुकेने मन वळलं तर.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं आणि कुणाचं फारसं अडलं नसतं. पण धाकूचं लग्न ठरलं. वैशाखात, दिवा गावच्या लक्ष्मीशी. तेव्हा तुळसा पुढचं मोजायला लागली. घरातला एकुलता एक जावई. मांडवाचा पहिला खांब त्याने रोवायचा, पंगतीत पहिलं पान त्याचं. धवलारीण त्याचं नाव घालून लग्नाची गाणी, धवले, गाणार, आणि हा ओटीवर सुपारी चघळत बसणार? दिव्याची माणसं काय म्हणतील? ज्या मांडवात जावई उपाशी, त्या मांडवातून नवी नवरी घरात यायची! गोदूबाई तर म्हणाली, "मग मीही जेवायची नाय. लेकाच्या लग्नात मी उपाशी राहीन, तुझ्या नवऱ्याला सांग."

तुळसाने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ढाल आणतो ना यंदा. कशाला काळजी करतेस?"

"हे तुम्ही दरसाल म्हणता."

"दरसाल शपथ नव्हती."

मग ती होडीत बसून कळव्याला गेली आणि भावाला गोठ्यात गाठला. "धाकू, यंदा जरा..."

"जरा काय?"

"जरा हळू खेळ रे."

धाकूने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "बाय, मी मुद्दाम हरलो तर दाजींना कळणार नाय होय? लग्न सोड, मग ते माझ्या पोरांच्या बारशालाही जेवाला यायचे नाय. आणि खरं सांगू? मला हरताच येत नाय. शिकवलंच नाय कुणी."

"आग लागो तुझ्या शिकण्याला," म्हणून ती परत आली. पण त्याचं म्हणणं तिला पटलं होतं. ढाल यायला हवी, आणि ती खरीखुरी यायला हवी.

त्या हंगामात कोपरीचा संघ असा खेळला की लोकांनी कामं सोडून बघायला यावं. डोंबिवलीचा संघ पहिला. सगळे कचेरीत जाणारे, गोरे गोरे, धक्का लागला की "माफ करा हं" म्हणणारे. भिवाने, म्हणजे कोपरीच्या सगळ्यात दांडग्या गड्याने, त्यांच्यातल्या एकाला उचलून रेषेबाहेर नेऊन ठेवलं, तर तो "आभारी आहे" म्हणाला म्हणे. मग कल्याणात शहाडच्या गिरणीचा संघ. त्यांना गिरणीने खास खेळासाठी कामावर घेतलं होतं. सगळ्यांचे बनियन एकसारखे.

"खेळायचा पगार?" हौसाबाईने डोळे मोठे केले. "आणि हरले तर कापून घेतात का?"

कापून घेतला की नाही ते कळलं नाही, पण हरले. काळुराम एका दमात त्यांच्या चौघांना शिवून परत आला तेव्हा त्यांचा कप्तानच टाळ्या वाजवत होता. आणि समोर शेवटच्या सामन्याला कोण, तर कळवा. दुसरं कोण असणार!

सामना कुठे घ्यायचा याच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्यांदाच कोपरी निघाली. आजवर कोपरीच्या मैदानात गावचीच पोरं खेळायची. बाहेरचा संघ कधी तिथे उतरलाच नव्हता. मग काय, गावाला सणाचा उत्साह. पताका लागल्या, दगड वेचले, आणि मैदानावर पाणी मारायचं काम नेहमीप्रमाणे बायांकडे आलं. तुळसा आणि हौसाबाई पुढे.

कोपरीची त्यातही एक रीत होती. साधं पाणी मारलं तर उन्हाने घटकाभरात सुकतं आणि पुन्हा धुरळा. म्हणून मीठ काढून घेतल्यावर कोंडीच्या तळाला जे जाड, कडू पाणी उरतं ते आणून मारायचं. त्याने जमीन दिवसेंदिवस ओलसर राहते, धुळीचा कण उडत नाही. आजे-पणज्यांपासून तसंच. दोघींनी घागरीमागून घागरी रिकाम्या केल्या. पाहुणे येणार म्हणून नेहमीपेक्षा जास्तच.

"मैदान कसं आरशासारखं झालं," हौसाबाई म्हणाली. "आता सांग, ओरडायचं कुणाच्या नावाने? भावाच्या की नवऱ्याच्या?"

"मी पदर तोंडात धरून बसणार."

सामन्याचे पंच गुरुदत्त मास्तर, ठाण्याच्या शाळेतले. धोतराचा सोगा खोचलेला, गळ्यात शिट्टी. सुरुवातीला कळवा पुढे होता. धाकू वाऱ्यासारखा यायचा, शिवायचा, जायचा. मग दोन्हीकडचे गडी पडू लागले, कोपरं-गुडघे खरचटू लागले, आणि काहीतरी बिघडलं. कळव्याचे गडी विचित्र वागू लागले. कुणी एका पायावर नाचतोय, कुणी कोपरावर फुंकर घालतोय. कोपरीचे गडी तसेच पडत होते, तसेच उठत होते. सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई धाकूची. तो आत घुसला, भिवाला हुलकावणी दिली, एकाला शिवलाही. आता नुसतं परतायचं होतं. वळताना गुडघा जमिनीला घासला आणि हुतुतूच्या मधेच त्याच्या तोंडून निघालं, "आई गं!"

दम तुटला. मास्तरांची शिट्टी. धाकू बाद. ढाल कोपरीची.

मग जो काही कल्लोळ झाला! ढोल, गुलाल, काळुराम खांद्यांवर, ढाल काळुरामच्या डोक्यावर. तुळसाने पदर तोंडातून काढला आणि इतकी हसली की हौसाबाईला सावरावं लागलं. लग्न, मांडव, पंगत, पहिलं पान, सगळं डोळ्यांपुढे एका क्षणात येऊन गेलं.

मग भाऊ दिसला. मैदानाच्या कडेला बसून गुडघ्यावर पाणी ओतत होता. ती तांब्या घेऊन गेली.

"बाय," धाकू कळवळत म्हणाला, "जमिनीत मिरच्या पेरल्यात काय गं तुम्ही?"

तुळसाचं बोट आपोआप त्याच्या गुडघ्याला लागलेल्या मातीकडे गेलं आणि तिथून जिभेवर. आणि तिला कळलं. कोपरीच्या माणसांची कातडी जन्मापासून मुरलेली. लोणच्यातल्या कैरीला मीठ झोंबत नाही. पण कळव्याच्या पोरांची? लग्नानंतरचे स्वतःचे पाय तिला आठवले.

हौसाबाईच्याही ते ध्यानात आलं होतं. तिने तुळसाला चिमटा काढला. "गप. आपण काय आज नवीन पाणी मारलंय? आणि भावाचं लग्न आठव."

तुळसाला आठवत होतं. तेच तर आठवत होतं. धवले चाललेत, नवरा पहिल्या पानावर, हातात घास. आणि आपण वाढतोय, आणि आपल्याला ठाऊक आहे. तिने तांब्या भावाच्या हातात दिला आणि पुरुषांच्या गर्दीत सरळ घुसली.

"खाली उतरा," ती खांद्यावरच्या नवऱ्याला म्हणाली.

"काय झालं?"

"उतरा म्हणते ना. मैदानात आपण कडू पाणी मारलंय."

"मग? नेहमी तेच मारतो."

"आपल्याला नाय झोंबत. त्यांचे गुडघे बघा जाऊन. धाकूचा दम त्यानेच तुटला."

ढोल थांबला. कळव्याच्या माणसांनी एवढंच ऐकलं आणि मग काही विचारू नका. "लबाडी! लबाडी!" कोपरीची माणसं म्हणाली, "लबाडी कसली, आमची पोरं पण त्याच मातीत खेळली!" गुरुदत्त मास्तर मधे पडले. खाली वाकून त्यांनी चिमूटभर माती उचलली, जरा विचार केला आणि जिभेवर ठेवली. त्यांचं तोंड असं झालं की भांडण करणारेही क्षणभर थांबले.

"शिव शिव शिव!" ते पाण्यासाठी हात पुढे करत म्हणाले. "अहो, नियमांत मैदान सपाट असावं, खडे नसावेत, एवढंच लिहिलंय. चवीबद्दल काहीच नाही. नियमाने पाहिलं तर निकाल बदलता येत नाही मला."

म्हणजे ढाल कोपरीची राहत होती. सगळे काळुरामकडे बघू लागले. तो धाकूच्या गुडघ्याकडे बघत होता. मग त्याने डोक्यावरची ढाल उतरवली आणि मास्तरांच्या हातात दिली.

"ठेवा तुमच्यापाशी. पुढच्या रविवारी परत खेळू. कळव्यात, गोड्या पाण्यावर."

"कप्तान!" भिवा ओरडला. "जिंकलेली ढाल परत? डोकं ठिकाणावर हाय ना?"

"मी मिठावर बोललोय, भिवा. मिठानेच जिंकलो म्हणून कळव्याच्या बाया माझ्या नातवंडांपर्यंत सांगतील."

रात्री घरी ताटावर बसल्यावर तो म्हणाला, "तू बोलली नसतीस तर?"

"तर लग्नात तुम्ही जेवला असतात आणि मला वाढता आलं नसतं."

त्याने मान हलवली आणि भाकरी मागितली. सोमवारी तुळसाने हळद घातलेलं खोबरेल तेल बाटलीत भरून होडीवाल्याबरोबर कळव्याला पाठवलं, सगळ्या गड्यांच्या गुडघ्यांसाठी. धाकूचा निरोप आला. गुडघे बरे आहेत, आता दाजींनी आपले सांभाळावेत.

पुढच्या रविवारी अर्धी कोपरी होड्यांत बसून कळव्याला गेली. कळव्याची माती मऊ, भुसभुशीत. घट्ट जमिनीवर खेळलेल्या कोपरीच्या गड्यांचे पाय रुतायला लागले. भिवा तर पहिल्याच पकडीत असा तोंडघशी पडला की दातांतून माती काढत परतला. "गोड हाय," तो म्हणाला. कळवा पुढे, कोपरी मागे. मग कोपरी सावरली, बरोबरी झाली, पुन्हा कळवा पुढे, पुन्हा बरोबरी. तुळसाने पदर तोंडात धरला होता आणि शेजारी गोदूबाईनेही. मायलेकी शेजारी शेजारी बसलेल्या, दोघींची तोंडं बंद.

शेवटची चढाई काळुरामची. समोर एकटा धाकू उरलेला. काळुराम शिरला, हुलकावणी दिली, धाकू फसला नाही. काळुराम वळला आणि धाकूने झेप घेऊन मागून कंबर धरली ती अशी की दोघेही भुईसपाट. मधली रेषा समोर दिसत होती, हातभर लांब. काळुराम कोपरांवर सरकू लागला. पाठीवर जवान मेहुणा, खाली भुसभुशीत माती, आणि तोंडात "हुतुतुतुतुतू". कळव्याची माणसं ओरडत होती, "दम तोडा! दम तोडा!" त्यांना वाटलं आता संपला. तुळसाला तसं वाटलं नाही. तो आवाज ती रोज बांधावरून ऐकत होती. टोपली अजून राशीपर्यंत पोचली नव्हती.

आवाज बारीक झाला, घोगरा झाला, मुंगीएवढा झाला. आणि बोटाची टोकं रेषेपलीकडे पोचली.

शिट्टी. तुळसाच्या तोंडातून पदर सुटला आणि ती किंचाळली. कुणाच्या नावाने किंचाळली ते तिलाही सांगता आलं नसतं. धाकू मातीत उताणा पडून हसत होता. "दाजी, तुमच्या छातीत काय भाता बसवलाय का लोहाराचा?" त्यानेच काळुरामला हात देऊन उठवलं, आणि मास्तरांकडची ढाल आणून त्याच्या हातात दिली.

गोदूबाई तोवर घरी धावली होती. ओटीवर पानं मांडली. निवट्यांचं कालवण, तांदळाची भाकरी, भात. जावयाला पहिलं पान. सगळं घर, शेजार, कोपरीचे गडी, दाराशी मास्तर, सगळे बघताहेत. वर्षभराने काळुराम कळव्याचं मीठ खाणार. त्याने कालवणात भाकरी बुडवली, घास तोंडात घातला, चावला. आणि थांबला.

तुळसा पुढे सरकली. "काय झालं आता?"

काळुरामने घास गिळला आणि हळूच म्हणाला, "मामी, हे अळणी हाय."

गोदूबाईने कपाळावर हात मारून घेतला. कोण जिंकेल ते तिला काय ठाऊक! सकाळीच नेहमीसारखं छोटं पातेलं अळणी काढून ठेवलं होतं आणि आनंदाच्या भरात तेच जावयाला वाढलं होतं. असा हशा उसळला की गोठ्यातली म्हैस बिथरली. मास्तर धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.

धाकू आत गेला आणि पानावर मीठ घेऊन आला. "घ्या दाजी. कळव्याचं मीठ. हौसाबाई म्हणते तुमच्याच राशीवरचं हाय, पण आमच्या मडक्यात राहून आता आमचं झालं."

काळुरामने चिमूट घेतली, कालवणावर टाकली आणि जेवायला लागला. मग असा जेवला की गोदूबाईला दुसऱ्यांदा भात टाकावा लागला. वैशाखात खांब कोण रोवणार, पहिल्या पानावर कोण बसणार, हे आता कुणी विचारायची गरजच राहिली नाही.

तुळसाने उरलेलं छोटं पातेलं उचलून भावापुढे ठेवलं. "हे तू संपव. हरलेल्याचं जेवण."

धाकूने एक घास खाऊन तोंड वाकडं केलं. समोर भिंतीला टेकवलेल्या ढालीकडे त्याने बघितलं, मग दाजींकडे. "पुढच्या वर्षी बघा हं दाजी," तो म्हणाला आणि त्याचा हात पानावरच्या मिठाकडे गेला.

गोदूबाईची पळी फाडकन त्याच्या मनगटावर बसली.

"खबरदार मिठाला हात लावशील तर!" ती म्हणाली. "अळणीच जेव."